अर्धी बिंदगी बायपासवर

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, मॅपमध्ये तुझ्या घरामागे एवढी मोठी लाल रेघ का दिसते? तिथे काही झालंय का?" मी म्हणाले, "काही नाही गं, तो आमचा बायपास." त्यावर थोरल्याने लगेच शहाणपण काढलं, "पण आजी, गर्दी टाळायलाच बायपास करतात ना? मग तो लाल कसा?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं आणि बोलणं तिथेच राहिलं. प्रश्न अगदी बरोबर होता. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला बरोबर प्रश्न तसाच सोडून देववत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आत्ताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. मागच्या आठवड्यात मी फिरायला गेले होते, तेव्हा पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं तिपाई लावून कॅनॉलच्या पलीकडे दगड रोवत होती. विचारलं, तर म्हणाले, नवा बायपास होणार आहे, या बायपासच्याही बाहेरून. मी म्हटलं, "मग याला काय म्हणायचं?" त्यातला एक म्हणाला, "याला जुना रोड म्हणायचं, मावशी." ज्या रस्त्याचा जन्म मी पाहिला, तो माझ्यादेखत जुना व्हायला निघाला. तसा तो व्हायच्या आत त्याच्यावर घडलेली एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते. मुद्दाम मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुमच्या बाबाला ती मोठ्याने वाचून दाखवावी लागेल. तो यानंतरचा परिच्छेद गाळायला बघेल. गाळू देऊ नका.

बायपास नवा झाला तेव्हा आमच्या परभणीच्या घरामागे फक्त रान होतं. काळंभोर डांबर, मधोमध पांढरा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर कापूस नाहीतर ज्वारी. सकाळी आमची सगळी कॉलनी त्या रस्त्यावर फिरायला जायची. पन्नाशी ओलांडल्यावर मी स्कूटी शिकले ती तिथेच. तुमचा बाबा आजोबांची मारुती शिकला तीही तिथेच. एका सकाळी त्याने ती गाडी थेट कापसात नेऊन उभी केली. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. समोर एक शेळी होती, आणि तीही बसलेली होती. त्याचं अजूनही म्हणणं आहे की चूक शेळीची होती.

सुगीच्या दिवसांत शेतकरी तूर आणि करडई त्या डांबरावर अंथरून ठेवत. गाड्यांच्या चाकांखाली आयती मळणी व्हावी, हा विचार. पण गाड्याच येत नसत. एक म्हातारेबाबा तर कडेला बाभळीखाली बसून रस्त्याकडे डोळे लावायचे आणि आम्ही फिरायला निघालो की विचारायचे, "काहो, ते टरक-बिरक कधी यायलेत?" आता ते असते तर मी त्यांना हात धरून नेऊन दाखवलं असतं.

कारण पुढे एक मंगल कार्यालय आलं. गावात वरातीला जागा नाही म्हणून ते इकडे आलं. मग ट्रॅक्टरची शोरूम आली. मग शिकवण्यांचे वर्ग, त्यांच्या मुलांसाठी खानावळी, खानावळींसमोर चहाचे गाडे, आणि चहाच्या गाड्यांसमोर आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारसायकली. गावातल्या गर्दीला जो जो कंटाळला तो बायपासला आला, आणि येताना आपापली गर्दी बरोबर घेऊन आला. थोरल्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पुढची गोष्ट वेगळी आहे, ती वरची भर.

ही चार वर्षांपूर्वीची येळवस. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. आमच्या सोनपेठकडे त्या दिवशी चुली घरात पेटतात पण जेवण शेतात होतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून शेतात एक लहानशी खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, आणि मग अंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन सगळ्या शेताला फेरी मारत पिकावर अंबील शिंपायचं, त्याला चर शिंपणं म्हणतात. अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून ताकात आंबवलेलं, वर लसूण-जिरं घातलेलं. बिंदगी म्हणजे चुन्याचे पट्टे ओढलेलं मातीचं मडकं. हे सगळं दिवस कलायच्या आत, म्हणजे सूर्य डोक्यावरून ढळायच्या आत व्हायला हवं. आणि शेवटचा नियम असा की त्या दिवशी बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. येळवसीला आमंत्रण लागत नाही.

आमच्या घरी ती बिंदगी अक्कांची. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमच्या आजोबांच्या वहिनी. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नऊवारी लुगडं, आणि जिभेला लगाम नाही. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही आणि मला त्या लग्नापासून 'मास्तरीण' म्हणतात, मी निवृत्त झाले तरी. सोनपेठजवळच्या आमच्या गावी त्या राहतात. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्यांची एकही येळवस चुकली नव्हती. थोरले दीर गेले त्या वर्षीसुद्धा त्या बिंदगी घेऊन शेतात उभ्या होत्या. "बाकी समदं दुसऱ्यानं केलं तरी चालतंय," त्या म्हणायच्या, "ह्ये माझं हाय."

त्या वर्षी येळवसीच्या पंधरा दिवस आधी परभणीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून त्या आमच्याकडे मुक्कामाला होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धूळ नको, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि शेतात तर मुळीच जायचं नाही. अक्का म्हणाल्या, "डोळा घ्या तुमाला पायजे तर. येळवस न्हाई देनार." डॉक्टर हसले आणि त्यांनी एक मोठा काळा चष्मा दिला. एवढ्यावर तडजोड झाली. गावाहून येताना अक्का बिंदगी लुगड्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊनच आल्या होत्या. म्हणजे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सगळं ठरवलं होतं.

अंबील माझ्या स्वयंपाकघरात झालं. मी पिठाला कप घेतला, ताकाला माप घेतलं. अक्का काळा चष्मा लावून स्टुलावर बसल्या होत्या.

"दवाखान्यातलं औषीद हाय का ते? वत की."

"किती ओतू, अक्का?"

"व्हईल तेवढं."

येळवसीच्या आदल्या दिवशी मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. पाच वाजता उठणे. सात वाजता भज्जी तयार. साडेआठला निघणे. अकराला शेतात. एक तास जादा धरलेला. तुमच्या काकाने, म्हणजे गाडी चालवणाऱ्या माझ्या धाकट्या लेकाने, ते वाचून विचारलं, "आई, लघुशंकेला कितीची वेळ?" मी लक्ष दिलं नाही.

सकाळी सगळं वेळेवर झालं. गाडीत पुढे काका, मागे मी आणि अक्का, मध्ये बिंदगी, पायाशी भज्जीचं पातेलं. भज्जी म्हणजे तुम्हाला वाटेल तशी तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ आणि बेसन, सगळं एकत्र शिजवलेली दाट भाजी. गाडी फाटकाबाहेर निघाली आणि अक्का म्हणाल्या, "गावातून घे रं. सीधा रोड हाय."

मी म्हणाले, "नको. गावात रेल्वेचं फाटक लागतं, बाजार लागतो, बसस्टँड लागतं. बायपासने थोडं लांब पडेल, पण वेळेची खात्री आहे." आणि काकाच्या फोनवरची निळी रेघ दाखवली. फोनचंही तेच म्हणणं होतं.

"फोनला काय कळतंय येळवस?" अक्का म्हणाल्या.

आई आणि मोठीआई समोरासमोर असल्या की काका आरसा नीट करत बसतो. शेवटी गाडी त्याने बायपासलाच घेतली, कारण सकाळचा चहा मी केला होता.

मंगल कार्यालयापर्यंत पोचलो आणि थांबलो. पुढे एक जीप, तिच्यापुढे टेम्पो, त्याच्यापुढे मोटारसायकली, आणि मग काहीच दिसेना. काका उतरून बघून आला. उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. मागच्या ट्रॉलीची पिन तुटून ती आडवी झाली होती आणि सगळा ऊस रस्त्यावर. वर्गातली मुलं एकेक कांडं ओढून खात होती. ट्रॅक्टरवाला त्यांच्यावर ओरडत होता आणि मग थकून स्वतःही खाऊ लागला होता.

एक तास गेला. माझा जादा धरलेला तास तो हाच. मग आणखी दोन गेले.

मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक गाडीत माणसं कोंबलेली होती आणि प्रत्येक गाडीत एक पातेलं होतं. जीपमधल्या बाईच्या मांडीवर बिंदगी. टेम्पोच्या मागे चार बिंदग्या, मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोच्या मध्ये एक. परभणीत नोकरीधंद्याला राहिलेली सोनपेठ-गंगाखेडची, लातूर-नांदेडकडची सगळी माणसं आपापल्या शेताला निघाली होती. प्रत्येकाने फाटकाचा विचार केला होता. प्रत्येकाच्या फोनने त्याला बायपास सुचवला होता.

काकाला त्याच्या मित्राचा फोन आला. काका नुसता "हं, हं" करत ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्याने हळूच सांगितलं, "तो गावातून गेला. रस्त्यावर कुत्रं नाही म्हणतो. निम्मी दुकानं बंद. फाटकही उघडं होतं."

अक्कांनी काळ्या चष्म्यातून समोर बघत म्हटलं, "मास्तरीण, तुजी विंग्रजी लय लांबून जाती गं."

वेळापत्रकाची नक्कल माझ्या पर्समध्ये होती, ती मी आणखी आत ढकलली. मला खरंच वाईट वाटत होतं. साठ वर्षं न चुकलेली गोष्ट माझ्या शहाणपणाने चुकणार होती. अक्का थोड्या थोड्या वेळाने खिडकीतून मान बाहेर काढून सूर्य बघत होत्या. डोळ्याला उन्हात न्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण अडवायला माझं तोंड उरलं नव्हतं.

त्यात गाडी तापली आणि अंबील फुगायला लागलं. बिंदगीच्या तोंडावर बांधलेलं फडकं आधी ताणलं, मग फुगलं, मग त्याच्या कडेने पांढरा फेस आला आणि माझ्या इरकली साडीवर ओघळला.

"आई, ते फुटतंय का?" काका घाबरून म्हणाला.

"फुटत न्हाई. ते निघालंय शेतात," अक्का म्हणाल्या. "आपुनच इथं बसलोत."

तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी टकटक केली. धोतर नेसलेला, डोक्याला दस्ती बांधलेला, पन्नाशीचा माणूस होता. त्या बाजूला 'प्लॉट विकणे आहे' अशा दोन मोठ्या पाट्या होत्या आणि दोन पाट्यांच्या मध्ये ज्वारीची एक अरुंद पट्टी होती. ती त्याची. पुढे कळलं की बायपासने त्याचं शेत मधोमध कापलं, पलीकडचं प्लॉटवाल्यांकडे गेलं आणि अलीकडची ही पट्टी त्याने ठेवली.

"काहून थांबलाव असं रोडवर?" तो म्हणाला. "येळवस हाय. खाली या, जेवा."

काका म्हणाला, "आम्ही सोनपेठला जायलोत, मामा. आमचं शेत आहे तिकडं."

"समद्यांचंच शेत हाय तिकडं. माजं इथं हाय. दिवस कलायलाय, या."

तो जीपकडे गेला, मग टेम्पोकडे, आणि सगळ्यांना तेच सांगू लागला. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची हा नियम तो पाळत होता. त्याच्या बांधावरून त्या दिवशी अख्खी परभणी चालली होती, त्याला तो तरी काय करणार?

अक्का हलल्या नाहीत. "दुसऱ्याच्या रानात माजी बिंदगी न्हाई जायाची," त्या म्हणाल्या. "माजं शेत वाट बघायलंय."

मग त्या माणसाची बायको आली. तिने खिडकीतून आत वाकून बिंदगी पाहिली, मग अक्कांची विभूती पाहिली आणि पदर सावरला. "आजी," ती म्हणाली, "आमची सासू गेली औंदा. चर शिंपायला घरात म्हातारं मानूस न्हाई राह्यलं. माज्या हातानं पहिल्या वर्सी कसं करू, मला काय समजंना. तुमी या की."

अक्कांनी पुन्हा एकदा सूर्याकडे पाहिलं. तो जवळजवळ डोक्यावर होता. ट्रॅक्टरची ट्रॉली जिथल्या तिथे होती. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाल्या, "अर्धी इथं शिंपते. अर्धी माज्या शेताची. मंजूर हाय का?"

"मंजूर हाय," ती बाई म्हणाली.

"मग दार उघड रं. आन मास्तरीण, बिंदगी घे."

मी काकाकडे पाहिलं. काका आरसा नीट करू लागला. अक्कांना वजन उचलायची मनाई होती आणि बिंदगी बाईच्याच डोक्यावरून जाते, म्हणजे उरले मी. सदुसष्टाव्या वर्षी, इरकली साडीत. त्या बाईने नवऱ्याच्या डोक्याची दस्ती काढून तिची चुंबळ केली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर ती फेसाळलेली बिंदगी चढवली. आयुष्यात मी डोक्यावर कधी काही नेलं नव्हतं. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठेसुद्धा रिक्षाने आणले.

"मान ताठ ठेव," अक्का म्हणाल्या. "शाळेत पोरीस्नी सांगत हुतीस ना?"

दोन पावलांतच अंबील माझ्या कानामागून मानेवर उतरलं. दोन्ही हात वर, पुढे अक्का काळ्या चष्म्यात, मागे काका पातेलं घेऊन, अशी आमची वरात थांबलेल्या गाड्यांमधून निघाली. एका पांढऱ्या गाडीची काच खाली झाली.

"मॅडम? तुम्ही?"

माझी जुनी विद्यार्थिनी होती, आता स्वतः मुख्याध्यापिका. मला मान हलवता येत नव्हती, म्हणून मी तशीच समोर बघत म्हणाले, "हो, मीच. गाडीतून उतर आणि तुझी भज्जी घेऊन ये."

खोप लहानशी होती, प्लॉटच्या पाटीला टेकून उभी. पाच दगड, चुना ओला. पूजा झाली आणि फेरी सुरू झाली. पुढे मी, माझ्या शेजारी अक्का. त्या हात वर करून बिंदगीत ज्वारीचं हिरवं पान बुडवायच्या आणि पिकावर शिंपडायच्या. हात पुरला नाही की माझ्या खांद्यावर चापट मारून म्हणायच्या, "जरा वाक." वाकलं की अंबील माझ्यावर. पट्टी इतकी अरुंद होती की एका बाजूने चालताना दुसऱ्या बाजूचं हॉर्न वाजवणं अगदी कानाशी. त्या बाईचा नवरा मागून आरोळी देत होता. रस्त्यावरच्या टेम्पोतून कुणीतरी तिला साथ दिली, मग जीपमधून, आणि बघता बघता हॉर्न थांबले आणि रांगभर तीच आरोळी. ती मी लिहून दाखवू शकत नाही. इथे याल तेव्हा ऐका.

फेरी संपली तेव्हा सूर्य नेमका डोक्यावर होता. अक्कांनी आत हात घालून बिंदगी चाचपली. "अर्धी हाय," त्या म्हणाल्या, आणि फडकं स्वतः बांधलं.

मग जेवण. त्या दोघांच्या पातेल्यात दहा-बारा माणसांपुरती भज्जी होती आणि पट्टीत तोवर चाळीस-पन्नास माणसं उतरली होती. पण प्रत्येकाजवळ स्वतःचं पातेलं होतंच. झाकणं उघडली गेली, आणि बायकांनी एकमेकींच्या भज्ज्या चाखायला सुरुवात केली.

"हिच्यात चिंच कमी हाय."

"कमी न्हाई, तुमच्यात जास्त हाय."

"लातूरकडं गूळ घालतेत व्हय भज्जीत? काय तरी बाई!"

माझी भज्जी अक्कांनी पुढे केली. जीपमधल्या बाईने एक घास खाल्ला आणि विचारलं, "कुणी केली?" मी म्हणाले, "मी." ती म्हणाली, "बरी झाली. मोजून केल्यावानी लागती." अक्का एवढ्या हसल्या की चष्मा पातेल्यात पडता पडता राहिला. ट्रॅक्टरवाला ऊस घेऊन आला आणि सगळ्यांना वाटत बसला. माझी मुख्याध्यापिका विद्यार्थिनी बांधावर पाय सोडून ऊस सोलत होती, दातांनी.

तीनच्या सुमाराला रस्ता मोकळा झाला. सगळे एकदम उठले, हात धुतले आणि आपापल्या पातेल्यांसाठी भांडत गाड्यांत बसले. आमची झाकणी त्या दिवशी बदलली. ज्यांची आमच्याकडे आली आहे त्यांची आमच्याकडेच आहे, निळ्या कडेची.

आमच्या शेतात पोचलो तेव्हा उन्हं पार तिरपी झाली होती. सालगडी आणि त्याची बायको खोपीजवळ बसून होते. पूजा मांडलेली, ताटं झाकलेली, कुणी जेवलेलं नाही. अक्का गाडीतून उतरल्या आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला. "दिवस कलला गं," त्या सालगड्याच्या बायकोला म्हणाल्या. "माजी येळवस चुकली."

ती म्हणाली, "चुकल कशी? बिंदगी तर अर्धी दिसायली. अर्धी कुठं गेली?"

अक्कांनी सांगितलं. बायपास, ट्रॉली, पट्टी, सासू गेलेली बाई, सगळं. सांगता सांगता त्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मंग बराबर टायमाला शिंपलं की तुमी. हितं यायला रस्ता लागला, तेवढंच." अक्कांना ते पटलं असावं, कारण त्या वळून मला म्हणाल्या, "उभी काय राह्यलीस, मास्तरीण? घे डोस्क्यावर."

मी पुन्हा घेतली. या वेळी एक थेंब सांडला नाही. त्या वर्षी आमची ज्वारी दर वर्षीसारखीच आली, जास्त नाही आणि कमी नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर तुमचा काका गोष्ट वाढवून सांगतो.

त्यानंतर प्रत्येक येळवसीला आम्ही बायपासनेच जातो. गावातला रस्ता मोकळा असतो, हे आता सगळ्यांना कळलं आहे. त्यामुळे सगळे गावातून जातात, आणि त्या दिवशी फाटकापाशी हल्ली चांगलीच गर्दी होते. बायपास त्या एका सकाळी मोकळा असतो, मॅपमध्ये बघा. आम्ही पट्टीपाशी थांबतो, अर्धी बिंदगी तिथे शिंपतो आणि पुढे जातो. अक्का आता फेरी मारत नाहीत, खुर्चीवर बसून पहिलं पान बुडवून देतात आणि मी कुठे चुकते ते ओरडून सांगतात. वेळापत्रक मी अजून करते. त्यात आता एक ओळ वाढली आहे: सव्वानऊ, पट्टी.

त्या पट्टीला चांगला भाव सांगणारे येतात, हे तिचा मालकच मला सांगतो. नवा बायपास झाला की आणखी येतील. तो त्यांनाही जेवायला बसवतो आणि पाठवून देतो. पुढे काय होईल मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहीत नाही.

यंदाची येळवस तोंडावर आली आहे, म्हणून काल संध्याकाळी पाय मोकळे करायला मी तिकडे जाऊन आले. रोवलेले दगड कॅनॉलच्या पलीकडेच आहेत. बायपास नेहमीसारखा तुंबला होता आणि दोन्ही पाट्यांना नवा रंग दिला आहे. मधल्या पट्टीत ज्वारी उभी आहे.